माझ्या भावाला बेल्ट लावायला सांगा

रात्रभर झोपले नाही. माझा भाऊ दीपक खडकीकडच्या जुन्या रेल्वे पुलावर कामाला आहे. गाड्या चालू ठेवूनच नवीन पूल बांधतायत, आणि हा सेफ्टी बेल्ट न लावता वर चढतो, हे काल कळलं.

आज बाळाला घेऊन डबा द्यायला गेले, तर हा वर कडेला उभा, बेल्ट खांद्यावर! खालूनच ओरडले.

"ताई, गाडी आली की पळायचं असतं. बेल्ट मधे येतो."

"पळून जाणार कुठे? खाली?"

त्याच्याबरोबरचे सगळे कामगार हसले. आता माझा फोनच उचलत नाही. पुढच्या महिन्यात बाळाचं जावळ मामाच्या मांडीवर काढायचंय. दुसरा मामा कुठून आणू?

दीपकला ओळखणाऱ्यांनो, तुम्ही तरी त्याला फोन करून सांगा. पण जेवणाच्या सुट्टीतच करा, वर असताना नको.