कमी धोक्याचे रंगनाथराव

आमच्या लोणी काळभोरचा उत्तरेश्वर हिंजवडीत एका कंपनीत कामाला आहे. चाळिशीचा, बिनलग्नाचा, पाटाच्या पाण्यासारखा शांत माणूस. त्याची कंपनी तुरुंगांसाठी एक प्रणाली बनवते. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाचं वय, आधीचे गुन्हे, संसार असं सगळं तिच्यात भरायचं. सुटल्यावर तो पुन्हा तेच करण्याचा धोका किती, हे ती गुण मोजून सांगते.

“त्याच्यासारख्या हजारांतले किती पुन्हा घसरले, एवढंच तिला ठाऊक,” उत्तरेश्वर म्हणतो. “समोरच्या एकाच्या मनातलं तिला काय कळणार?”

हे कौतुक त्याने कसबा पेठेत सांगायला नको होतं. तिथे राहणाऱ्या कादंबरी नावाच्या मुलीशी त्याचं जमलं होतं. तिचे वडील रंगनाथराव, निवृत्त शिक्षक, पत्रिका मानत नसत.

“आम्ही आकडेवारी मानतो,” ते म्हणाले. “चालवा ती प्रणाली तुमच्यावर. मग लग्नाचं बोलू.”

“अहो, गुन्हा भरल्याशिवाय ती पुढेच जात नाही.”

“मग भरा एखादा.”

लग्नासाठी माणूस काय काय करतो! उत्तरेश्वरने मान खाली घालून लॅपटॉप उघडला आणि चाचणीच्या खात्यात न केलेला गुन्हा आपल्या नावावर भरला. निकाल आला: मध्यम धोका. गुण वाढले होते ते कधी संसार केला नाही म्हणून.

“लग्न झालं की उतरतील,” तो म्हणाला.

“उतरले की लग्न,” रंगनाथराव म्हणाले.

कादंबरी चहाचे कप उचलत होती. ते तिने परत खाली ठेवले. “बाबा, आता तुमचं बघू.”

पंच्याहत्तरीचं वय, चाळीस वर्षांचा संसार. निकाल: कमी धोका. जन्मभर दुसऱ्यांना गुण देणारा माणूस मोहरून गेला. पडद्याचा फोटो काढून त्यांनी तो लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

मग तळमजल्यावरच्या सुहासिनीबाईंनी लिहिलं, “अभिनंदन. पहिला गुन्हा कधीचा?”

रंगनाथरावांनी चष्मा लावला. फोटोत सगळ्यात वर, त्यांच्या नावापुढे, ठळक अक्षरांत होतं: लैंगिक गुन्हा सिद्ध.

“हे पुसतात कसं?” त्यांनी विचारलं.

“उत्तरेश्वरला येतं,” कादंबरी म्हणाली. “पण तो फक्त घरच्या माणसांची कामं करतो.”

खालच्या मजल्यावर कुणीतरी खळखळून हसलं. रंगनाथरावांनी मोबाइल दोन्ही हातांनी पुढे केला.

“घ्या, जावईबापू. आणि तारीख तुम्हीच सांगा.”