कान नसलेला कप

"तुला हा घे," मेधाताई म्हणाल्या आणि ट्रेच्या कडेचा कागदी कप त्यांनी माझ्यापुढे धरला.

ट्रेमध्ये बाकी सगळे स्टीलचे ग्लास होते. कोकम सरबताने भरलेले. गौरीचं हळदीकुंकू होतं. अ‍ॅमस्टरडॅमला मेधाताईंच्या घरामागच्या अंगणात आम्ही पाच-सहा मराठी बायका, दीड-दीड मीटरवर खुर्च्या टाकून. सगळ्यांच्या हातात स्टील. माझ्या हातात कागद. त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाचे उरलेले कप, वर फुगे छापलेले.

"कोरोना आहे ना गं," त्या म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.

कोरोना काय मला एकटीलाच होता? मला शिंक नाही, ताप नाही. माझ्या शेजारची बाई नुकतीच पुण्याहून आलेली, तिला स्टील. मी बघितलं. सगळ्यांनी बघितलं. एक म्हणाली, सरबताचा रंग काय सुंदर आलाय. दुसरी गौरीच्या नथीबद्दल बोलायला लागली.

आणि मी काय केलं? प्याले. घटाघटा सगळं प्याले. वर म्हणाले, "छान झालंय हं ताई." माझी नऊ वर्षांची मुलगी, मैत्री, गवतात खेळत होती. ती तेवढ्यात माझ्याकडे बघत उभी राहिली होती, ते मला नंतर आठवलं.

आधी असं नव्हतं. दोन वर्षं मी या बायकांबरोबर मोदक वळले होते, त्यांच्या ताटात जेवले होते. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. "पुण्यात कुठले तुम्ही?" असं विचारायच्या. मी येरवडा सांगितलं की जरा गप्प व्हायच्या, पण तेवढंच.

मग लॉकडाऊन आला आणि सगळ्यांची घरं कॅमेऱ्यात आली. शनिवारी व्हिडिओवर हौजी खेळायचो. झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या टॉवरमधलं नवऱ्याचं ऑफिस आमच्या बेडरूममध्ये येऊन बसलेलं, म्हणून एकदा मी हॉलमध्ये बसले. मागे भिंतीवर फोटो. निळा कोट, चष्मा. कोणाचा ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मी इकडे यायला निघाले तेव्हा आईने साड्यांच्या घडीत गुंडाळून दिलेला. मेधाताई आकडे पुकारता पुकारता थांबल्या. मग "अय्या, कुठला नंबर चालला होता?" म्हणून हसल्या. त्यानंतर माझा डबा कोणी घेईना. आजारी घरांना आम्ही आळीपाळीने डबे द्यायचो, त्यातला माझा वार आपोआप दुसरीकडे गेला. आणि मग हा कप.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सोड ना. कशाला हात दाखवून अवलक्षण? कागदी कपच तर आहे." तो वाईट नाही. त्याला फक्त शांतता हवी असते, आणि ती नेहमी माझ्या गप्प बसण्यातून काढायची असते.

कागदी कपच तर आहे! माझी आई पेठेतल्या एका घरी धुणंभांडी करायची. तिच्यासाठी तिथे एक कप होता, कान तुटलेला, मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला. चहा वरून ओतायचे. आई प्यायची, विसळायची, परत पालथा घालायची. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. एकदा मी ओट्यावरचा चांगला कप उचलला, तर हातावर सणसणीत फटका बसला. त्या घरच्या बाईचा नाही. आईचा. आई आता नाही, पण तो फटका अजून गेलेला नाही.

आम्ही अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात उंच इमारतीत राहतो. लांब गॅलरी, एकाला एक लागून दारं. शेवटचं दार एका म्हाताऱ्या पॅलेस्टिनी माणसाचं होतं. बायको वारलेली, मुलगी मास्ट्रिख्टला युनिव्हर्सिटीत शिकवायची. पहिल्या लॉकडाऊनमध्ये मी त्यांचं सामान आणून द्यायला लागले. मी त्यांना अम्मो म्हणायचे. अरबीत काका. बदल्यात ते कॉफी द्यायचे. त्यांची खुर्ची दाराच्या आत, माझी गॅलरीत, मध्ये स्टूल. शर्टाला कडक इस्त्री. कुठे जायचं नसायचं तरी.

पहिल्या दिवशी त्यांनी पुढे केलेला कप बिनकानाचा होता.

मनात म्हटलं, झालं! इथेही कळलं? पण बघते तर त्यांच्या हातातलाही तसाच. त्यांच्याकडे कॉफीच्या कपाला कानच नसतो. इवलासा कप, कडू जहर कॉफी, वेलदोड्याचा वास. मला हसू आवरेना. ते विचारत राहिले काय झालं, मी काही सांगितलं नाही.

ट्रेमध्ये नेहमी तिसरा कप असायचा. भरलेला. तो कोणी प्यायचं नाही. कॉफी गार झाली की ते ती कुंडीत ओतायचे. कधी कधी त्या कपाकडे बघून अरबीत पुटपुटायचे. मला वाटायचं, बायकोसाठी असेल.

"मी कमांडर होतो," असं एकदा म्हणाले. मी पोस्टात होतो असं माणूस सांगतो, तसं. आमचं बोलणं मोडक्या इंग्लिशमध्ये, मध्ये मध्ये डच. कडेवर असताना आईबापांनी त्यांना घेऊन गाव सोडलं. गाव पुन्हा दिसलं नाही, घराची किल्ली मात्र बापाच्या कमरेला, तो मरेपर्यंत. सगळं लहानपण छावणीत, तंबूत, नंतर पत्र्याखाली. पाण्यासाठी रांग, पिठासाठी रांग. वीस-बावीसचे असताना हातात बंदूक आली. मग पन्नास माणसं हाताखाली. खांद्यात लोखंडाचा तुकडा राहिलेला, थंडीत दुखायचा.

गौरीच्या हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन गेले. कॉफी प्याले. मग उठले, आत जाऊन कप विसळला आणि बाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातला.

आयुष्यात असं कधी केलं नव्हतं. मी केलंच नाही ते. आई माझ्या हातात येऊन बसली होती.

अम्मो ताडकन उभे राहिले. "हे काय केलंस? माझ्या घरात पाहुणी कप विसळते? मी मेलोय का?" काय तो आवाज! पन्नास माणसं ऐकत असतील खरी. मी घाबरले आणि मग गॅलरीतच रडायला लागले. सगळं सांगितलं. कागदी कप, फोटो, मोरीची खिडकी, फटका.

त्यांनी एकच विचारलं. "तू प्यालीस?"

"हो."

"का?"

मी डोळे पुसत राहिले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लोकांत कोणाकडे काही मागायला गेलं, मुलीचा हात मागायला म्हणा, भांडण मिटवायला म्हणा, की यजमान कॉफी देतो. पाहुणा कप घेतो आणि समोर ठेवतो. पीत नाही. यजमानाला विचारावंच लागतं, का पीत नाहीस? मग मागणं सांगायचं. यजमान "पी" म्हणाला, म्हणजे शब्द दिला. तोवर बसून राहायचं. पाहुणा न पिता गेला, तर नाक यजमानाचं कापलं जातं.

"कप तुझ्या हातात होता," अम्मो म्हणाले. "त्यांना वाटलं त्यांनी दिला. हातात तुझ्या होता."

"आणि हा कोणाचा?" मी तिसऱ्या कपाकडे बोट दाखवलं.

त्यांनी ट्रेमधला तो कप जरा सरळ केला. मग खाली बघत बोलले. एका मोहिमेच्या आदल्या दिवशी छावणीतला एक माणूस त्यांच्याकडे आला होता. गवंडी होता. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, माझ्या मुलाला उद्या नेऊ नका, एकच राहिलाय. अम्मो म्हणाले, पी. तो प्याला. दाढीला हात लावून दुवा दिला. आणि दुसऱ्या दिवशी अम्मोंनी त्याच्या मुलाला नेलं. डोंगरातली वाट त्याला एकट्यालाच ठाऊक होती. तो परत आला नाही.

"बाप पुन्हा कधी माझ्या दारात आला नाही. शिव्या द्यायलाही नाही. मीच रोज बोलावतो."

त्या भरलेल्या कपापासून मी खुर्ची जरा मागे घेतली.

"मग तुम्ही बंदूक सोडली?"

"लगेच नाही. खोटं कशाला सांगू. बऱ्याच उशिरा. पलीकडच्याही आया रडत होत्या, ते मला तेव्हा ऐकू येत नव्हतं. आता येतं, रोज." नंतर त्यांनी छावणीत समित्या बांधल्या. शाळा, दवाखाना, बायकांचे वर्ग. म्हणाले, बंदूक धरायला शिकवायला सोपं, दहा घरांना एका खोलीत बसवणं महाकठीण. एकदा नळांसाठी अधिकाऱ्याकडे गेले तेव्हा बरोबर छावणीतल्या बायका नेल्या. सगळ्यांनी कप खाली ठेवले. त्याला घाम फुटला. "एकटीने कप ठेवला तर लोक म्हणतात, रुसली. दोघींनी ठेवला की ते मागणं होतं. हे लक्षात ठेव."

हिवाळ्यात, रात्रीची संचारबंदी लागली तेव्हा, त्यांना खोकला सुरू झाला. अ‍ॅम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवरही शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मातीला मोजकी माणसं चालणार होती, मी त्यांत नव्हते. नंतर त्यांची मुलगी मास्ट्रिख्टहून घर रिकामं करायला आली, तिने मला एक कप दिला. "बाबांनी फोनवर सांगितलं होतं. तिसरा तुला द्यायचा."

तो माझ्या ओट्यावर आहे. दुपारी एकटी असले की अजून गॅलरीत खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मी दार उघडून बघते, कोणी नसतं. त्या गवंड्याला मी कधी पाहिलं नाही, पण तो आता माझ्याकडे राहायला आलाय. आई मोरीच्या बाजूला उभी असते, तो टेबलाशी. भीती वाटते का? वाटते. पण हाकलून देत नाही मी त्यांना.

पुढच्या वर्षी गौरी आल्या. लसी झाल्या होत्या, खुर्च्या जवळ आल्या होत्या. मेधाताईंकडे तेच अंगण, तेच सरबत. ट्रे आला. स्टील, स्टील, स्टील. माझा फुग्यांचा कप.

मी घेतला आणि टेबलावर ठेवला. मधोमध.

"अगं, घे ना."

"स्टीलच्या ग्लासात दिलंत की घेते, ताई."

मेधाताईंच्या चेहऱ्यावर आधी लाली आली, मग हसू. "अगंबाई, एवढंच ना!" त्या आत गेल्या. मला वाटलं, ग्लास आणतील. त्यांनी फुग्यांच्या कपांचं अख्खं पाकीट आणलं आणि सगळ्यांचं सरबत कागदात ओतलं. "घ्या. आता सगळ्यांनाच कागदी. झालं समाधान?"

बायका खुदकन हसल्या. काय डोकं! एक ग्लास मला द्यावा लागू नये म्हणून घरातले सगळे ग्लास आत गेले.

"नाही झालं," मी म्हटलं. आणि बसून राहिले.

उठून जावंसं फार वाटत होतं. पण उठलं असतं तर त्यांची सुटका झाली असती. बोलणी दुसरीकडे वळली, पुन्हा पुन्हा येऊन त्या कपापाशी अडखळली. हळूहळू कपाचं बूड भिजलं आणि टेबलक्लॉथवर लाल डाग पसरायला लागला. मैत्रीने डचमध्ये विचारलं, आई, तुला नको तर मी पिऊ? मी तिला मराठीत सांगितलं, "नाही. आपण हे पीत नाही." मोठ्याने सांगितलं. निघताना मेधाताईंनी मला कुंकू लावलं, दुरून, बोटाचं टोक टेकवून. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी येते, ताई."

मी येणं बंद केलं तर त्यांना हवंच आहे. मी जाणार. दर वर्षी जाणार आणि कप टेबलावर ठेवणार.

पण एकटी नाही. त्या दिवशी माझ्यासमोर वैशाली बसली होती. तिला आधी स्टील मिळालं होतं, मग कागद, आणि ती मान खाली घालून पीत होती. व्हिडिओवर वैशालीच्या मागे कायम समुद्रकिनारा असतो, खोटा. मी तिच्या घरी एकदा डबा द्यायला गेले होते. हॉलच्या भिंतीवर एक खिळा आणि खाली फिकट चौकोन. फोटो उतरवला की असा चौकोन राहतो, तो मला ओळखू येतो. मी कोणाला बोलले नाही. ते सांगायचं की नाही, हे तिचं तिने ठरवायचं.

आठवड्याने तिच्या दाराची बेल वाजवली. तिने चहा केला. आलं घालून, कानाच्या चांगल्या कपात. माझ्यासमोर ठेवला.

मी उचलला आणि परत खाली ठेवला.

"काय गं, साखर कमी आहे का?"

"वैशाली, पुढच्या वेळी तुझाही ग्लास टेबलावर ठेवशील?"

तिने आधी दाराकडे बघितलं, मग भिंतीवरच्या खिळ्याकडे. तिचे डोळे भरले. घाईघाईने म्हणाली, "हो, हो, ठेवीन. तू आधी चहा घे बाई."

"अशी हो म्हणू नकोस," मी म्हटलं. "असं खोटं 'पी' एका माणसाने म्हटलं होतं. तो मरेपर्यंत सुटला नाही. विचार कर. मला घाई नाही."

ती समोर बसली. चहावर साय धरली. बाहेर सायकलवरून पोरं शाळेतून परतायला लागली. मी कपाला हात लावला नाही आणि खुर्चीतून उठलेही नाही.