एक माप बारूद

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुमच्याशीही हवापाण्याच्या गप्पा मारून, चहा पाजून वाटेला लावलं असतं. तेवढं मला फार चांगलं जमतं.

मी गणिताचा मास्तर. आता निवृत्त आहे, इथे शहराला लागून मावल्यात राहतो. आमचं मूळ गाव पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, म्हणजे नदी ओलांडली की महाराष्ट्र. घरात मराठी, शाळेत नि कचेरीत तेलुगू, दुकानदाराशी हिंदी. अशा मुलखात ज्याला तिन्ही भाषा धड येतात त्याला फार मान असतो. मला तो मिळाला. आणखी एका गोष्टीसाठी मिळाला — बारुदीसाठी.

हसू नका. आमच्याकडे रानडुकरं पिकात घुसतात. ज्वारी दाण्यावर आली की एका रात्रीत एकराचा चिखल करतात. म्हणून काही घरांकडे शेतीरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, बोळा घालायचा, छर्रे घालायचे, गजाने ठासायचं. डुक्कर मारायचं नसतं, पळवायचं असतं. आमच्या घरी वडिलांच्या काळापासून अशी बंदूक होती, ती परवान्यासकट माझ्या नावावर आली. आणि बारूद निवडावी तर मास्तरांनीच, असं गावात ठरून गेलं.

शहरातल्या परवानेवाल्या दुकानात दोनतीन तऱ्हेची बारूद यायची. जाड दाण्याची, बारीक दाण्याची, कधी दमट हवा लागून मेलेली. लोक परवान्याची वही घेऊन माझ्याबरोबर यायचे. मी दाणा नखावर घासून बघायचा, वास घ्यायचा. मग खरी परीक्षा — पांढऱ्या कागदावर चिमूटभर ठेवून काडी लावायची. भस्सकन उडाली आणि कागदावर डाग राहिला नाही तर बारूद चांगली. काजळी धरली तर परत. हे मला वडिलांनी शिकवलं होतं. मी कागद वर धरून सगळ्यांना दाखवायचा, वर्गात उत्तर तपासून दाखवावं तसा. दुकानदारसुद्धा गप्प राहायचा. काय सांगू, मला ते फार आवडायचं. गणितासाठी कुणी कधी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

आता नामदेव भाऊजी.

सुमनताईचे यजमान. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, शिकले चौथीपर्यंत. पण मापाला असा माणूस मी पाहिला नाही. कपाशीवर औषध मारायचं तर आख्खी आळी आपापले पंप घेऊन यांच्या अंगणात यायची, कारण भाऊजी झाकणाने मोजून घालत तेव्हा थेंब इकडचा तिकडे होत नसे. बारुदीसाठी त्यांनी बांबूच्या पेराचं एक माप स्वतः कापलं होतं, आतून घासून गुळगुळीत केलेलं. ते काठोकाठ भरायचं, वरून बोट फिरवून सपाट करायचं. एक बार, एक माप. मी त्यांना चिडवायचो — भाऊजी, देवाच्या नैवेद्याला पण इतकं मोजत नाही कुणी. ते म्हणायचे, देव रागावला तर समजावता येतं, बारुदीले समजावता येत नाई.

त्या वर्षी ज्वारी दाण्यावर आली आणि दुकानात बारूद नव्हती. आज येईल, उद्या येईल करत तीन आठवडे गेले. लोक माझ्याकडे यायचे. मास्तर, काहीतरी करा ना. आता दुकानातच माल नाही तर मास्तर काय करणार? एवढं साधं वाक्य — माझ्याकडे नाही. ते म्हणायला माझी जीभ का उचलली नाही? इतकी वर्षं झाली, मला अजून चीड येते त्या जिभेची. वर्गात चाळीस पोरांना दरडावणारी जीभ!

शहरात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते. वर्दीतली नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे जुनी काडतुसं फोडून काढलेली बारूद होती, काचेच्या बरणीत. त्यांनी ती मला दिली. देताना एक गोष्ट सांगितली. ती पुढे सांगतो. बघा, इथेसुद्धा मी पुढे ढकलतोच आहे.

घरी आणून मी बरणी उघडली. दाणे आपल्या बारुदीसारखे काळे ओबडधोबड नव्हते. चपटे, चकचकीत, एकसारखे. गंधकाचा वास नाही. मी कागद घेतला, चिमूट ठेवली, काडी लावली. सर्रकन जळाली. धूर जवळजवळ नाहीच. आणि कागद पाहतो तर डाग म्हणून नाही! आयुष्यात इतकी स्वच्छ जळलेली बारूद मी पाहिली नव्हती. वडिलांच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर. माझी छाती फुगली. आपल्या परीक्षेला फक्त आपलीच बारूद बसते, ही दुसरी जातच वेगळी, हे मला तेव्हा कळलं नाही असं मी तुम्हाला सांगू शकतो. पण ते पुरतं खरं नाही.

कारण माझी स्वतःची बंदूक तेव्हा खुंटीला होती. माझ्याही शेतात डुकरं येत होती. मी ती बारूद माझ्या बंदुकीत घातली नाही. दोन दिवस बरणीकडे बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी बरणी पिशवीत घातली आणि भाऊजींकडे गेलो.

दिवस मावळायला टेकला होता. आम्ही दोघेच शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी होतो. भाऊजींनी बरणीतले दाणे तळहातावर घेतले, नाकाशी नेले, आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "मास्तर, ही आपल्यावाणी दिसत नाई. हिले बी हेच माप ना?"

मी म्हणालो, "हेच माप. कागदावर पाहिली मी."

त्यांनी बांबूचं माप भरलं. बोट फिरवलं. आपल्या बंदुकीच्या नळीत ओतलं. बोळा, छर्रे, ठासणी. मी पाच पावलं मागे सरकलो. मागे का सरकलो? एरवी मी त्यांच्या खांद्याशी उभा राहायचो.

आवाज नेहमीचा नव्हता. नळी बुडाशी फाटली. भाऊजींच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली, डावा कान कायमचा गेला. मी धोतर फाडून हात बांधला, ओरडून माणसं गोळा केली, जीप करून शहरात सरकारी दवाखान्यात नेलं. एवढं सगळं मी नीट केलं. गावात अजून त्याचं कौतुक होतं — मास्तर होते म्हणून नामदेवराव वाचले. आणि जीपमध्ये बसायच्या आधी मी बरणी नदीत फेकून आलो होतो. तेही मी नीटच केलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांचा साहेब जबानीला आला. नव्याने बदलून आलेला, मराठीचा गंध नाही. भाऊजींची तेलुगू बाजारापुरती. मग मध्ये कोण? मास्तर. साहेबाने तेलुगूत विचारलं, बारूद किती घातली होती. मी मराठीत विचारलं. भाऊजींची शुद्ध अर्धवट, ओठ सुकलेले. ते म्हणाले, "नेहमीचंच भरलं म्या."

साहेब माझ्याकडे बघत होता. खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला — मग नळी फाटली कशी, बारूद कुणाची, आली कुठून. काडतुसातली बारूद, बिनपरवान्याची, सरकारी शिक्षकाने दिलेली. नोकरी गेली असती. बहुतेक तुरुंगही झाला असता. हे सगळं एका क्षणात मोजलं मी. गणिताचा मास्तर ना!

मी साहेबाला म्हणालो, "रेंडु." दोन.

साहेबाने लिहून घेतलं. आणि भाऊजींनी मान वळवली. रेंडु म्हणजे किती हे बाजारात भाजी घेणाऱ्या कुणालाही आमच्याकडे कळतं. साहेब उठून गेला. मग त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, म्या दोन भरले?"

अजूनही वेळ होती. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. त्यांच्या विचारण्यात राग नव्हता, संशय नव्हता. शाळेतलं पोर उत्तर चुकलं का म्हणून विचारतं तसं ते विचारत होते. मी त्यांच्या पांघरुणाचं टोक सारखं केलं आणि म्हणालो, "हो भाऊजी. दोन."

"मले काऊन आठोत नाई मंग?"

मी म्हणालो, डोक्याला धक्का बसला की असं होतं.

त्यांची बंदूक जप्त झाली, परवाना रद्द झाला. ते मी गृहीतच धरलं होतं. पण नंतर जे घरात झालं त्याचा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता. सुमनताईने त्यांच्यावरचा विश्वासच काढून घेतला. "दोन मापं भरणाऱ्या माणसाच्या हाती काय द्यायचं?" औषध ती स्वतः मोजू लागली. पंप घेऊन येणारी आळी दुसऱ्या अंगणात जाऊ लागली. बी पेरायला मजूर लावले. एकदा मी सकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. भाऊजी चहात साखर घालायला उठले तर ताईने त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला. तुमच्या हातात माप नाई, म्हणाली, माझ्यासमोर. ते हसले आणि परत पाटावर येऊन बसले. मी पोहे खात होतो. खात राहिलो.

आणि ताईला तरी काय बोलू? ती रागावते ती भीतीने, तिचा माणूस मरता मरता वाचलाय. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

सांगायचं ठरवून मी तीनदा गेलो. पहिल्यांदा घरात पाहुणे होते. दुसऱ्यांदा ताई आजारी होती. तिसऱ्यांदा कुणी नव्हतं, भाऊजी एकटे गोठ्यात होते, मी तोंड उघडलं — आणि त्यांनीच सुरुवात केली. म्हणाले, मास्तर, तुमची इतकी चांगली बारूद म्या वाया घातली, तुमालेच वाईट वाटत असन. माझी माफी मागत होते ते! मला इतका संताप आला. कुणाचा? त्यांचा आला, खोटं कशाला बोलू. इतका साधा माणूस असतो का कुठे? शिव्या द्या, संशय घ्या, एकदा तरी विचारा की मास्तर, तुम्ही मागे का सरकलात. काही नाही. मी तरातरा निघून आलो. घरी येऊन बायकोवर ओरडलो, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. मीठ बरोबर होतं.

आता ते बरणी देणाऱ्या गृहस्थांचं. ते म्हणाले होते, मास्तर, ही ठासणीच्या बंदुकीत चुकूनही घालू नका, नळी फाटते. अगदी याच शब्दांत. मी मान डोलावली होती. वाटेत मनाशी म्हणालो, वर्दीवाल्यांना काय कळतं ठासणीतलं, आपल्याला बारूद कळते. मग कागदाने कौल दिला आणि तेच पटलं. पण सगळंच पटलं असतं तर माझी बंदूक खुंटीवर राहिली नसती. मला खात्री हवी होती. ती मी भाऊजींच्या हाताने करून घेतली. अडाणीपणाने घडलं असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो, पण ज्याला ठाऊक नसतं तो पाच पावलं मागे सरकत नाही.

या दसऱ्याला गावी गेलो होतो. आमच्याकडे अवजारांबरोबर बंदुकीची पूजा होते. गावात आता दोनच राहिल्यात, त्यातली एक माझी. माझा परवाना दर खेपेला नवा होतो, जबानीत माझं नाव फक्त दुभाष्या म्हणून आहे. पूजा झाली, सोनं वाटून झालं. एकाला नवा परवाना मिळाला होता, म्हणून लोक भाऊजींना म्हणाले, सांगा याले काही. भाऊजी दर दसऱ्याला सांगतात. पूर्वी एवढंच सांगायचे की दोन मापं भरली गेली, आठवत नाही कशी. यंदा ते म्हणाले, "एक माप भरलं. तेवढ्यात तिकून डुकराचा आवाज आला, माह्यं ध्यान गेलं. आन् म्या पुन्हा माप उचललं. आता मले सारं साफ आठोते."

डुक्कर नव्हतंच. त्या संध्याकाळी शेतात कसलाच आवाज नव्हता.

सांगता सांगता त्यांनी डावा हात वर केला. त्यावर उरलेली दोन बोटं सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, दोन. मग माझ्याकडे वळले. "मास्तर होते तती. इचारा त्यायले."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

त्यांनी एकच माप भरलं होतं. काठोकाठ, वरून बोट फिरवून. मी पाहिलं होतं.