ट्रॅक्टरच्या हारातलं फूल

नवीन जालन्यातला आमचा गॅरेजवाला सर्दीवर झेंडूच्या फुलांचा चहा पाजतो. फुलं दसऱ्याला गाड्यांना घातलेल्या हारांतली. गाडी बघून तो औषध ठरवतो.

"नुसत्या शिंका हायेत ना? मंग मोपेडचं फूल बास. छाती भरली आसंल तर ट्रॅक्टरचंच लागतं. बिलकुल साफ!"

चहाला ऑइलचा वास येतो, पण त्याच्यासमोर कप खाली ठेवायची माझी हिंमत होत नाही.

यंदा दसऱ्यानंतर तोच शिंकून बेजार झाला होता. मी मोठ्या मनानं माझ्या स्कूटरच्या हारातलं फूल तोडून पुढं केलं. त्यानं फुलाकडं पाहिलं, स्कूटरकडं पाहिलं आणि खिशातली गोळी काढून गिळली.

"राहू द्या सर," तो म्हणाला, "हिला तुम्ही सकाळी ढकलत आणल्तं."