मल्लेशचं राखीव पाणी
फाल्गुन सरत आला होता अन् सकाळीच उन्हाला धार चढली होती. वारं पडलेलं, लिंबाचं पान हलत नव्हतं. गौरम्मा अंगणाच्या कोपऱ्यात गवऱ्या थापायली होती, पण ध्यान सगळं दाराकडं. तिथं तिचा धाकटा भाऊ गुरुबसप्पा आपल्या ट्रॅक्टरला टँकर जोडायला लागला होता.

"अक्का, उदगीरला नेतो म्हणजे तुझ्या डोळ्यासमोर तरी न्हाई," तो म्हणाला.

"ने बाबा," ती म्हणाली. "मला तोंड बी बघायचं न्हाई त्याचं."

टँकर तिच्या नवऱ्याचा, मल्लेशचा. जळकोटपासून आत असलेल्या त्या गावाला आगीचा बंब पोचेस्तोवर कडब्याच्या गंजीची राख व्हायची. म्हणून मल्लेशनं टँकरवर पाणी मारायचं इंजन बसवलं, लांब पाइप घेतला अन् कुणी न सांगता गावची आग आपल्या अंगावर घेतली. पगार न्हाई, वर्दी न्हाई. डोक्यावर भिजलेलं पोतं अन् कमरेला विळा.

उन्हाळाभर टँकर भरलेला, तोंड रस्त्याकडं. त्या पाण्याला हात लावायचा न्हाई, हा त्याचा हुकूम. पुतणीच्या लग्नात ऐन वखताला पाणी संपलं, सोयरे तोंडाला साबण लावून उभे. गौरम्मानं हात जोडले, तर हा म्हणाला, "पाहुण्यांच्या तोंडाला साबण हाय, आग न्हाई!" सोयरे वर्षभर रुसले.

गंजीला आग लागली की माणसं जीव तोडून पेंढ्या उपसायची. जेवढा वाचला तेवढा कडबा, असं वाटायचं. अन् उपसली की आत वारा शिरून गंजी भडकायची. मल्लेश पाइप घेऊन ओरडायचा, "अरे, आगीला वारा घालायलाव का? तेवढी हौस आसंल तर घरी जाऊन बायकोला घाला!" माणसं आगीपुढं उभी राहून हसायची, अन् हसता हसता त्याचं ऐकायची.

गेल्या चैतात गल्लीतल्या म्हाताऱ्या कावेरीबाईचा गोठा पेटला. जनावरं वाचली. मल्लेश आत धुरात कोंडला तो कोंडलाच. अंगावर एक फोड नव्हता. विभूती लावून, बसवून, त्याला मातीच्या हवाली केलं, लिंगायताच्या रीतीनं. आगीच्या हाती तो अखेरपर्यंत लागला न्हाई, असं गाव अजून दबक्या आवाजात बोलतं.

गौरम्माला मात्र एकच काटा सलत होता. आत जाताना ह्या माणसाला घराची सय आली न्हाई का? विचारावं कुणाला? कावेरीबाईच्या दारावरून ती वर्षभर मान फिरवून जायची.

आज कावेरीबाई आपण होऊन आली. टँकर निघाला हे ऐकून आली. चौकटीपाशीच थबकली.

"गौरा, मारायचं तर मार. पण एक ऐकून घे."

"आता काय ऐकू काकू? तुमचे बैल शाबूत हायेत."

"हायेत. म्हणून तर रोज मरायले मी." म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "तो भाईर आलता, गौरा. बैल काढून भाईर आलता. एक कालवड आत राहिली. मी त्याचा हात धरला. म्हणलं, मल्लेश, जाऊ दे ती, गौरा वाट बघत आसंल."

गौरम्माचा शेणाचा हात हवेतच राहिला. "मग?"

"घराकडं बघितलं त्यानं. चांगलं बघितलं. मग म्हणला, काकू, ती पळाली आसती. आपणच बांधलं तिला. आपण बांधलं, आपण सोडावं. अन् हात सोडवून गेला. कालवड भाईर आली, गळ्यात कापलेलं दावं घेऊन. मागून पत्रे दारातच कोसळले."

गुरुबसप्पाच्या हातात टँकर जोडायची पिन तशीच होती.

गौरम्मा तिथंच बसून राहिली. येवढा माणूस आपल्या ताटाला ताट लावून जेवला, अन् आपण त्याला आमटीत मीठ कमी म्हणला म्हणून तोडून बोललो. घोरतो म्हणून ढोसलं. तिला रडू आलं न्हाई. देवळाबाहेर नकळत चप्पल काढून ठेवावी, तसं आत काहीतरी हळूच उतरून ठेवल्यासारखं झालं.

मग ती उठली.

"गुरु, पिन ठेव खाली. टँकर कुठं जायचा न्हाई."

"अक्का, येड लागलं का? कोण चालवणार हे?"

"दीर वीरण्णा चालवतील. घरचा ट्रॅक्टर त्यांना येतोच की. इंजन मला दाव, मी शिकते."

"तू? आगीवर?"

"माझी चूल कोण पेटवतं अन् कोण विझवतं, तू?"

कावेरीबाई रडता रडता हसली. "पाणी माझ्या हिरीचं घ्या. मोटर चालू करते."

गुरुबसप्पा पुटपुटत राहिला, पण पाइप त्यानंच ओढला. कोरड्या टाकीत पाण्याची पहिली धार पडली, तसा ढोलासारखा आवाज गल्लीभर गेला. समोरच्या दारातली माणसं भाईर आली.

म्हैस रेकली. दुधाची वेळ टळून गेली होती.

"आले गं, आले," गौरम्मा म्हणाली. हात धुऊन तिनं चरवी घेतली, कासेवर पाणी मारलं अन् धार काढायला बसली.