गोळी, पूड आणि शेडबाई

रंगाच्या दुकानात तिला सगळे शेडबाई म्हणत. हे नाव रंगाऱ्यांनी ठेवलेलं, आणि काही फारशा प्रेमाने ठेवलेलं नव्हतं. गिऱ्हाईक भिंतीचा एखादा टवका कागदात गुंडाळून आणायचं आणि म्हणायचं, अगदी अस्साच रंग द्या. दुकानात मशीन होतं, पण उन्हाने विटलेल्या जुन्या भिंतीपुढे मशीन हात टेकायचं. मग शेडबाई पांढऱ्या रंगाचा डबा उघडायची, त्यात गडद रंगाचा एक थेंब सोडायची, ढवळायची, कार्डावर बोटाने पट्टा ओढायची, वाळू द्यायची आणि दारातल्या उजेडात नेऊन बघायची. मग पुढचा थेंब. तोवर रंगारी जांभया देत ताटकळलेले. एखाद्याने घाईने डब्यात दोन रंग एकदम ओतले, की बाईचं डोकं फिरलंच म्हणून समजा.

"आता शेड बिघडली ती लालने की काळ्याने, हे कोण सांगणार? तुझा काका?"

अशा बाईने स्वतःच्या बाबतीत काय करावं? हाताला लागेल ते सगळं एकदम ओतावं? तिने नेमकं तेच केलं.

तिला पीसीओएस होता. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवलं होतं, अंडाशयाच्या कडेने बारीक बारीक पिशव्यांची रांग लागली होती. अंडं वेळेवर तयार होत नाही, म्हणून पाळी महिनोन्‌महिने गायब, वजन वाढतं, हनुवटीवर केस येतात. केसांचं कुणी सांगायला नको होतं. रोज सकाळी चिमटा घेऊन आरशासमोर उभं राहण्यात तिची ऐन उमेदीची वर्षं चालली होती. पण केस गेले खड्ड्यात, तिला मूल हवं होतं. नवरा वायरमन, बोलायला कंजूष. "होईल तेव्हा होईल," एवढंच म्हणायचा. पण शेजारचं पोर दारात आलं की त्याच्या खिशातून हमखास काहीतरी खाऊ निघायचा, आणि ते बघून ती आत निघून जायची.

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, गोड कमी करायला सांगितलं. गोळ्यांनी पोट बिघडलं. समोर गिऱ्हाईक टवका घेऊन उभं आणि शेडबाई मागच्या संडासात, असे दिवस आले. जेवणासोबत घ्या, हळूहळू सवय होईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ते खरंही होतं. पण सवय होईपर्यंत धीर कुठून आणायचा? ती उठली आणि मावशीकडे गेली.

आई गेल्यावर तिला मावशीनेच वाढवलेलं. मावशीच्या स्वयंपाकघरात बरण्यांची एक अख्खी फळी होती, मुळ्या, साली, बिया, कसकसल्या पुडी. खोकल्यापासून केसगळतीपर्यंत सगळ्याला लोक तिच्याकडे यायचे आणि औषधाबरोबर बोलणीही खाऊन जायचे. मावशीने भाचीची जीभ बघितली, डोळे बघितले आणि विचारलं, "डॉक्टरची गोळी चालू आहे का?"

हो म्हटलं तर मावशीला वाटेल, पोरीचा आपल्यावर भरवसा नाही. "सोडली," शेडबाई म्हणाली. मावशीने पूड बांधून दिली. सकाळ-संध्याकाळ, कोमट पाण्यातून.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी विचारलं, "आणखी काही घेता का? काढे, पुडी वगैरे?"

इथे हो म्हटलं तर आपल्याला अडाणी समजतील. "छे," शेडबाई म्हणाली.

असे बाईने दोन्ही डगरींवर हात ठेवले. मावशी कधीही घरात टपकायची, म्हणून गोळ्या दुकानात, एका धुतलेल्या रिकाम्या डब्यात. पूड घरी. नवऱ्याला दोन्ही ठाऊक होतं, पण त्याने मध्ये तोंड घातलं नाही. घालायला हवं होतं, असं माझं मत आहे.

आणि पाळी आली! पुढच्या महिन्यातही आली. शेडबाई दुकानात गुणगुणायला लागली, तेव्हा मालकाने घाबरून तिची तब्येत विचारली. पण पाळी आली ती कशाने? गोळीने, पुडीने की चालण्याने? तिला सांगता येत नव्हतं. त्यामुळे आता काहीच सोडायची हिंमत होईना.

डॉक्टरबाई खूश झाल्या. आता पुढची गोळी सुरू करू म्हणाल्या, अंडं बाहेर पडायला मदत करणारी. त्याआधी फक्त रक्त तपासू. तपासलं, आणि लिव्हरचे आकडे चढलेले निघाले. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आता खरं सांगा."

शेडबाईने खरं सांगितलं. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत, त्यामुळे तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुडीत काय काय आहे?"

"माहीत नाही."

"हे वजनामुळे असेल किंवा पुडीमुळे. नक्की मलाही सांगता येत नाही, कारण तुम्ही सगळंच एकत्र घेतलंत. आधी पूड बंद करा. लिव्हर ठीक झाल्याशिवाय पुढची गोळी नाही."

म्हणजे मूल लांबलं, तेही स्वतःच्या जिभेमुळे. ती थेट मावशीकडे गेली आणि चपला काढता काढताच सगळं बोलून मोकळी झाली. मावशी कणीक मळत होती, तिचे हात थांबले.

"मी तुला पहिला प्रश्न काय विचारला होता?"

"तुला वाईट वाटलं असतं, मावशी."

"मग वाटू द्यायचं! मी काय मेणाची आहे? वाईट वाटलं असतं, एक दिवस तोंड फुगवून बसले असते, दुसऱ्या दिवशी जेवले असते. गोळी चालू असताना ही पूड मी कुणाला देत नाही. ती बघ तिकडे फळीवर, ब्लडप्रेशरची गोळी. माझी आहे. रोज घेते." मावशीने परात बाजूला सारली. "माझ्या हातून तुला अपाय करवलास तू."

शेडबाईला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दोघी स्वयंपाकघरातच बसून रडल्या, आणि मग मावशीने तिच्याकडून उरलेली कणीक मळून घेतली.

पूड बंद झाली, गोळी आणि चालणं तेवढं चालू राहिलं. लिव्हरचे आकडे हळूहळू खाली यायला लागले. पण त्या महिन्यात पाळी आली नाही. शेडबाईने दिवस गेले असतील म्हणून घरी तपासून पाहिलं, तसंही काही नव्हतं. पुढच्या महिन्यातही पाळीचा पत्ता नाही. मग एका दुपारी ती जेवायला घरी आली, तेव्हा कपाटात मागे राहिलेली एक पुडी तिच्या हाताला लागली. तिने पाणी कोमट करून घेतलं. पेला समोर ठेवला. मग मावशीला फोन लावला.

"मावशी, अजून आली नाही गं. तुझ्या पुडीनेच येत होती बहुतेक. एक पुडी राहिलीय. घेऊ?"

सगळं आयुष्य मावशीने त्या बरण्यांवर विश्वास ठेवून काढलं होतं. तिचं औषध लागू पडतं, हे तिच्या पोरीने आज स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. हो म्हणायला एक शब्द पुरला असता.

"नको," मावशी म्हणाली. ते म्हणताना तिला किती जड गेलं, हे शेडबाईला फोनवरूनही कळलं. "ओतून दे. मी येतेय, तोवर काही खाऊन घे."