कागदोपत्री घरजावई

माझे जावई माझ्या घरी राहतात, असं आमच्या ग्रामसभेचं म्हणणं आहे. दरवर्षी तसा ठराव होतो. गुरुजींनी नोकरीच्या गावातच मुक्काम केला पाहिजे आणि ग्रामसभेनं तसं लिहून दिलं पाहिजे, तरच घरभाडं मिळतं, असा सरकारचा नियम. आमचे जावई आमच्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजी आहेत. त्यांचा फ्लॅट जालन्यात, स्टेशनच्या बाजूला. कागदावर मात्र ते माझ्या किराणा दुकानाच्या माडीवर राहतात, जिथं मी साखरेची पोती आणि उंदरांचे पिंजरे ठेवतो. ठराव वाचला की सभेत कोणीतरी हमखास म्हणतं, "काय शेठ, पाव्हणे घरजावई झाले म्हणायचे!" सगळे हसतात आणि हात वर करतात. माझाही हात वर जातो. सासऱ्याचाच हात खाली राहिला तर लेकीला घरी काय ऐकावं लागेल, हे तिथल्या प्रत्येकाला कळतं.

मी तसा तापट माणूस. करावरून माझं डोकं फिरतं, हे गावाला ठाऊक आहे. सुट्या पिठाला कर नव्हता, तेच पीठ छापील पिशवीत बांधलं की कर लागला. साबण, माचिस, बिस्किटाचा पुडा, काही सुटलं नाही. कापूस वेचून दमलेली बाई लेकरासाठी बिस्किटाचा पुडा घेते, तेव्हा तीही सरकारची तिजोरी भरते. तिला ते माहीत नसतं, मला माहीत असतं, म्हणून मी चिडतो. आणि सरकार त्या पैशाचं करतं काय? शाळेला दरवर्षी नवा हुकूम. कधी गणवेशाचा रंग बदलतो, कधी पोरांना अंडी द्या म्हणतात, पुढं अंड्याचं केळं होतं. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही, असं मधे बरीच वर्षं चाललं. मास्तर द्या म्हटलं की मात्र भरतीचं पोर्टल बंद असतं.

आमच्या शाळेला मास्तर दोन. हेडगुरुजी आणि आमचे जावई. जावई शिक्षक संघटनेचे तालुक्याचे पदाधिकारी. आज बैठक, उद्या निवेदन, परवा कोणाच्या तरी बदलीसाठी जिल्हा परिषदेत चक्कर. मधेच कुठल्या तरी कचेरीत प्रतिनियुक्तीवर जातात, म्हणजे पगार आमच्या शाळेचा आणि खुर्ची दुसरीकडची. हेडगुरुजी चारही वर्ग एकाच खोलीत घेऊन बसतात. पहिलीची पोरं रडतात, चौथीची पोरं त्यांना गप्प करतात, आणि शाळा सुटते. जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा तर शाळेला कुलूपच होतं. मला कोण पेन्शन देणार आहे? हात-पाय चालतील तोवर दुकान, मग पोरगा देईल तो घास. तेव्हा घोषणा देतानाचा जावयाचा फोटो पेपरात आला आणि बायकोनं तो कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवला. रोज गणपतीला हात जोडले की संघटनेलाही जोडले जातात.

आता कोणाला बोलणार? नोकरीवाला जावई पाहिजे, असा हट्ट धरून हे स्थळ मीच शोधलं होतं. त्यांची बदली आमच्या गावात झाली तेव्हा मी पेढे वाटले. घरचा मास्तर आला, आता आपली लेकरं शिकणार, असं म्हणालो होतो.

माझी नात, पोराची पोरगी, त्याच शाळेत तिसरीत आहे. तिला वाचता येत नाही. हे मला दुकानात कळलं. मी म्हणालो, "ह्या पुड्यावर काय लिहिलंय गं?" तिनं पटकन नाव सांगितलं. मग मी तसाच लाल, पण वेगळ्या कंपनीचा पुडा पुढं केला. तिनं तेच नाव सांगितलं. ती रंग वाचत होती. अक्षरं सुटी ओळखते, पण जोडून शब्द होत नाही. तेव्हापासून मी तिला गल्ल्याशेजारी बसवून शिकवायला लागलो. जोडाक्षर आलं की नेमकं गिऱ्हाईक येतं, आणि गिऱ्हाईक गेलं की माझा धीर संपलेला असतो. मी ओरडतो, ती रडते, आत निघून जाते. शिकवणं हे काही तूर तोलण्यासारखं नाही, एवढं मला त्यात समजलं.

पोरगा म्हणतो, कुंभार पिंपळगावच्या इंग्रजी शाळेत घालू, व्हॅन दारात येते. मला ते पटत नाही. कर भरायचा आणि वर फीही भरायची, हा कुठला न्याय? पण खरी अडचण वेगळीच आहे. मी शाळा समितीचा अध्यक्ष. मीच नात काढली तर दुसऱ्या दिवशी आणखी चार घरं पोरं काढतील. पट आधीच इतका कमी की शाळा बंद करायला सरकारला निमित्तच पाहिजे. मग ज्यांना व्हॅन परवडत नाही, त्यांनी काय करायचं? नातीला ठेवलं तर ती अडाणी राहते आणि काढलं तर शाळा जाते. ह्या विचारानं माझं जेवणात लक्ष नसतं.

म्हणून एकदा हिय्या करून घनसावंगीला पंचायत समितीत गेलो. जावयाचं नाव घेतलं नाही. आमच्या शाळेत एकच गुरुजी असतात, दुसरे येत नाहीत, एवढंच शिक्षण विभागाच्या साहेबाला म्हणालो. साहेबानं चहा मागवला, फाईल काढली आणि शांतपणे विचारलं, "शेठ, दुसरे गुरुजी गावातच राह्यतात असा ठराव तुमच्याच ग्रामसभेचा हाय. अन् राह्यतात तेबी तुमच्या घरात. मंग शाळेत येत न्हाईत म्हणून तुम्हीच कसं म्हणून राह्यले?"

मी चहा प्यालो आणि परत आलो.

पुढं अधिक श्रावण आला. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं. लेक आणि जावई रविवारी येणार होते. त्या सकाळी मी ठरवलं, आज गोडीगुलाबीनं विषय काढायचा. बायकोनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"आज तोंड उघडू नका," ती धोंड्यांचा घाणा तळता तळता म्हणाली. "लेक दिलीय त्यांला."

"मी भांडत न्हाई. शाळेचं जरासं बोलतो."

"तुमचं जरासं मला म्हाईत हाय."

जावई आले, बैठकीत टेकले, मोबाईल काढला. माणूस वाईट नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. लेकीला सुखात ठेवलंय. मला मामा म्हणतात, दुखणं निघालं की स्वतः गाडी घेऊन येतात. मी म्हणालो, "पाव्हणे, जरा शाळेकडं बघा. तिसरीच्या लेकरांला वाचता येईना."

"मामा, आम्हाला शिकवू देतात कुठं?" ते मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले. "आज मतदार यादी, उद्या सर्व्हे, परवा फोटो टाका. संघटना नसती तर मास्तरचे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते. अन् वाचता येत न्हाई म्हणून कोण म्हणतं? बेटा, पुस्तक आण बरं."

नात पुस्तक घेऊन आली. त्यांनी मधलं एक पान उघडून तिच्या हातात दिलं आणि ते पुन्हा मोबाईलकडं वळले. संघटनेच्या ग्रुपवर काहीतरी पेटलं होतं. नातीनं ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू केलं. खाडखाड, न अडखळता. माझा ऊर भरून आला. शिकली की काय पोरगी?

मग मी जरा वाकून पान पाहिलं. पानावर मोराचं चित्र होतं. पोरगी बाजाराचा धडा म्हणत होती.

हेडगुरुजी चार वर्गांना मिळून जो धडा म्हणायला लावायचे, तो तिला तोंडपाठ होता. बोट बरोबर सरकत होतं, ओळ संपली की खालच्या ओळीवर उतरत होतं. वाचणाऱ्या माणसाचं सगळं तिला येत होतं, एक वाचणं सोडून.

"शाब्बास!" जावई म्हणाले. "बघा मामा. उगं लोक मास्तरला बदनाम करून राह्यले."

मी तोंड उघडलं. नात माझ्याकडं बघत होती, शाब्बासकीनं तिचा चेहरा फुलला होता. दारात लेक उभी होती, तीही माझ्याकडंच बघत होती. मी खरं बोललो असतो तर ते जावयाला लागलं नसतं, ते त्या पोरीला लागलं असतं. मी तोंड मिटलं. असा लाचार मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

तेवढ्यात बायकोनं परात आणि तांब्या आणून ठेवला. जावई पॅन्ट वर सरकवत म्हणाले, "कशाला मामा, राहू द्या." त्यांनी पाय परातीत ठेवले. मी खाली बसून पाणी घातलं, पाय धुतले, पंच्यानं पुसले. नात शेजारी उकिडवी बसून बघत होती. तिनं हळूच माझ्या कानाशी तोंड आणलं.

"आबा, बराबर वाचलं ना मी?"

"बिलकुल बराबर," मी म्हणालो.